पहिले वर्ष कोणी ठरवले?

चेकवर तारीख टाकताना किंवा आधार कार्डावरचे जन्मवर्ष वाचताना आपल्या मनात येशू ख्रिस्ताचा विचार नसतो. पण ‘इसवी’ हा शब्द आला आहे ‘ईसा’वरून, म्हणजे येशूच्या अरबी नावावरून. ‘सन’ हाही अरबीच, अर्थ वर्ष. गंमत अशी, की येशूच्या हयातीत आणि त्यानंतरही सुमारे पाचशे वर्षे कोणीच अशी वर्षे मोजत नव्हते. रोमन लोक वर्षाला त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांची नावे देत, किंवा सम्राटाच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष ते सांगत.

हा आकडा जन्माला आला तो ईस्टरच्या गणितातून. ईस्टर येतो वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी. म्हणजे सूर्य, चंद्र आणि वार या तिघांचा मेळ घालायचा. त्यासाठी आधार होता १९ वर्षांच्या चक्राचा. १९ सौर वर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास बसतात, फरक फक्त दोनेक तासांचा. (आपल्या पंचांगात १९ वर्षांत साधारण ७ अधिक मास येतात, तेही याच हिशेबाने. १९ गुणिले १२ म्हणजे २२८, अधिक ७.) चर्चचे जाणकार या चक्रावरून पुढच्या अनेक वर्षांच्या ईस्टरची कोष्टके आधीच करून ठेवत.

इ.स. ५२५मध्ये रोममधल्या डायोनिशियस एक्झिग्युअस या संन्याशाकडे असे कोष्टक पुढे वाढवण्याचे काम आले. जुन्या कोष्टकातली वर्षे सम्राट डायोक्लेशियनच्या राज्यारोहणापासून, म्हणजे इ.स. २८४पासून मोजलेली होती आणि ते २४७व्या वर्षाशी संपत होते. पण याच डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ केला होता. ईस्टरच्या कोष्टकावर त्याच्या नावाची वर्षे का चालवायची? म्हणून २४८ न लिहिता त्याने ‘प्रभूच्या अवताराचे वर्ष ५३२’ असे लिहिले. येशूचा जन्म इतक्या वर्षांपूर्वी झाला, हे कशावरून काढले ते मात्र त्याने सांगितलेले नाही. मॅथ्यूच्या शुभवर्तमानानुसार येशू जन्मला तेव्हा राजा हेरोद जिवंत होता. हेरोदाचा मृत्यू बहुतेक इतिहासकार इ.स.पू. ४मध्ये धरतात. म्हणजे येशूचा जन्म ‘ख्रिस्तपूर्व’ काळातला ठरतो!

इजिप्तमधल्या कॉप्टिक चर्चने उलटे केले. त्यांनी आकडा डायोक्लेशियनचाच ठेवला आणि नाव बदलून ‘हुतात्म्यांचे वर्ष’ केले. ती गणना तिथे आजही चालू आहे.

डायोनिशियसचा आकडा लगेच पसरला नाही. इंग्लंडमधल्या बीड या संन्याशाने ७३१मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या इतिहासात तो सर्रास वापरला, मग युरोपात हळूहळू रुळला. पोर्तुगालने तो १४२२मध्ये घेतला. रशियात वर्षे जगाच्या निर्मितीपासून मोजत. तिथे पीटर द ग्रेटच्या हुकमाने ७२०८च्या डिसेंबरनंतर थेट १७००चा जानेवारी आला.

आपल्याकडचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. हिजरी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचे. ते पिकांच्या आणि शेतसाऱ्याच्या हंगामाशी जुळेना. म्हणून आकडा हिजरीवरून घेतलेला, पण वर्ष सौर आणि सूर्याच्या मृग नक्षत्रप्रवेशाला सुरू होणारे, असा शुहूर सन दख्खनेत चालला. मराठी कागदपत्रांत तो अरबी संख्यानामांनीच लिहीत. पानिपतची लढाई झाली ते वर्ष ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. धर्माचे स्मरण मागे पडले, महसुलाचा हिशेब उरला.

विज्ञानाला मात्र इसवी सनाचा एक दोष जाचतो. त्यात शून्य वर्ष नाही. इ.स.पू. १ संपले, की लगेच इ.स. १. डायोनिशियसच्या कोष्टकात ‘काहीच नाही’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, पण वर्षे मोजायला शून्य ही संख्या त्याच्याजवळ नव्हती. परिणाम पाहा. सम्राट ऑगस्टस जन्मला इ.स.पू. ६३च्या सप्टेंबरात, वारला इ.स. १४च्या ऑगस्टात. ६३ अधिक १४ म्हणजे ७७ म्हणाल, तर चुकाल. मधले न आलेले वर्ष वजा करा, शिवाय वाढदिवस महिनाभर लांब होता, म्हणून वय भरते ७५. ग्रहणांच्या गणितात अशी गफलत चालत नाही. त्यामुळे खगोलशास्त्रज्ञ इ.स.पू. १ला शून्य म्हणतात, इ.स.पू. २ला उणे १. जाक कासिनीने १७४०मधल्या आपल्या कोष्टकांत असा शून्य वापरला होता. थेलिसच्या नावाने प्रसिद्ध असलेले इ.स.पू. ५८५चे सूर्यग्रहण म्हणूनच ग्रहणसूचीत उणे ५८४ या वर्षाखाली सापडते.

‘ख्रिस्तपूर्व’ऐवजी ‘सामान्य युगापूर्वी’ म्हणण्याची पद्धत अलीकडची वाटते, पण केप्लरने १६१५मध्येच ‘आपले सर्वसामान्य युग’ अशा अर्थाचा लॅटिन शब्दप्रयोग केला होता. पुढे एकोणिसाव्या शतकात ज्यू विद्वानांनी तो उचलून धरला. येशूला ‘प्रभू’ न म्हणता तारीख लिहिण्याची सोय त्यात होती. माझ्या मते ही सोय रास्त आहे. मात्र तिने आकडा तसूभरही हलत नाही.

खरोखर वेगळा आरंभबिंदू निवडला तो कार्बन-१४वरून वय काढणाऱ्यांनी. ते ‘आजपासून इतक्या वर्षांपूर्वी’ असे लिहितात आणि त्यांचा ‘आज’ ठरलेला आहे, १९५०. त्यानंतरच्या अणुचाचण्यांनी हवेतले कार्बन-१४चे प्रमाणच बदलून टाकले.