हळदीतला डोलकर

अंधेरीच्या वेसावे कोळीवाड्यात हळद रंगात आली की बँजो पार्टीवाले ‘मी डोलकर’ हे गाणं हमखास काढतात. शब्द शान्ता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लताबाईंचा आणि हेमंतकुमारांचा. म्हणजे गाण्यातला हा डोलकर कोळी गळ्याने बंगाली!

इथला बँजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, विजेवर वाजणारं बुलबुलतरंग. त्यावर गाणं आलं की आधी शब्द जातात. ते नाचणारेच ओरडून म्हणतात. मग होडीचा हेलकावा जातो आणि ताशाचा सरळ, धावता ठेका येतो. उरतो फक्त मुखडा. पण तेवढ्यावर अख्खी गल्ली हलते. मला तरी यात गाण्याचा अपमान वाटत नाही.

अशा नव्या रूपाचं ध्वनिमुद्रण करायचं तर मात्र कॉपीराइट कायदा आड येतो. 2012 च्या दुरुस्तीनुसार मूळ मुद्रणानंतर पाच वर्षं थांबावं लागतं, आगाऊ सूचना द्यावी लागते आणि वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. शब्द-सुरांत मनमानी बदल चालत नाही.

पुढच्या हळदीला गेलात तर मूळ ध्वनिमुद्रिका आधी एकदा ऐकून जा.