शिंकांची गोळी, दम्याचा पंप

हिवाळा लागला की असोद्याच्या शिवारात भरिताचे बेत ठरतात. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची भरिताची वांगी काड्यांच्या जाळावर भाजली जातात आणि धूर पंगतभर फिरतो. अशा वेळी कुणाच्या ओठांना खाज सुटते, तर कुणाची छाती वाजू लागते. दोघांच्याही हातावर अ‍ॅलर्जीची एकच गोळी पडते, सेट्रिझिन. खाजेला ती पुरते, छातीला नाही.

गैरसमज : खाज सुटली म्हणजे वांग्याची अ‍ॅलर्जीच.

वस्तुस्थिती : वांग्यात खाज आणणारं हिस्टामाइन हे रसायन मुळातच असतं. म्हैसुरात 741 जणांची तपासणी झाली, तेव्हा खरी अ‍ॅलर्जी शंभरात एकालाही भरली नाही. वांग्याने त्रास होणाऱ्या बाकीच्यांना तो बहुतांशी अशा घटकांमुळे होत असावा.

गैरसमज : अ‍ॅलर्जीची गोळी दम्यावरही चालते.

वस्तुस्थिती : शिंका, खाज आणि गांधी यांमागे मुख्यतः हिस्टामाइन असतं. ते पेशींवर जिथे चिकटतं ती जागा गोळी आधीच अडवते. दम्यात मात्र ल्युकोट्रिनसारखी इतर रसायनंही श्वासनलिका आवळतात आणि आतून सूज असते. त्यावर इलाज पंपाचाच. किटोटिफेन हे हिस्टामाइन अडवणारं औषध (अँटिहिस्टामाइन) दमा रोखण्यासाठी, विशेषतः मुलांना, दिलं जात आलं आहे. पण त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. उठलेली धाप ते थांबवत नाही.

गैरसमज : पंपाची सवय लागते, गोळी बरी.

वस्तुस्थिती : साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं, त्याच औषधाच्या नेहमीच्या गोळीत 4 मिलिग्रॅम, म्हणजे चाळीसपट. पंपाचं औषध थेट श्वासनलिकेत उतरतं, म्हणून थोडक्यात भागतं. त्याचं व्यसन लागत नाही. मात्र हा आराम देणारा पंप वरचेवर लागत असेल, तर सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप हवा की काय, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

गैरसमज : अ‍ॅलर्जीच्या सगळ्याच गोळ्यांनी झोप येते.

वस्तुस्थिती : सीपीएमसारख्या (क्लोरफेनिरामिन) जुन्या गोळ्या मेंदूत शिरतात, म्हणून त्या घेऊन ट्रॅक्टर चालवणं धोक्याचं. सेट्रिझिनने काहींना गुंगी येते. फेक्सोफेनाडिनने ती क्वचितच येते; फक्त ते फळांच्या रसासोबत घेऊ नये, औषध कमी शोषलं जातं.

गांधीलमाशी चावल्यावर किंवा काही खाल्ल्यावर जीभ, घसा सुजला आणि चक्कर आली, तर गोळीची वाट पाहण्यात वेळ जातो. तिथे मांडीत अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन लागतं. 108 ला फोन करायचा.