डब्यावरची इंग्रजी नावे

आपल्याकडे माणसाला दिले तेही औषध, जनावराला पाजले तेही औषध आणि कपाशीवर मारले तेही औषधच. इंग्रजीचे तसे नाही. तिथे पिकावर मारायच्या औषधांना निराळी नावे आहेत आणि तीच नावे डब्यावर छापलेली असतात.

आमच्या वाडीतल्या आप्पांच्या कपाशीची पाने एका वर्षी अचानक चिमटल्यासारखी झाली. रुंद पान बारीक, लांबट होऊन भेंडीच्या पानागत दिसू लागले. सगळे म्हणाले, नवा रोग आला. मी विचारले, "आप्पा, पंपात आधी काय होतं?" "औषधच की रे! उसात मारलं होतं." उसात मारले होते ते टू-फोर-डी, म्हणजे तणनाशक. पंप नुसता विसळून त्यातच मावा-तुडतुड्याचे औषध कालवले. कपाशी या टू-फोर-डीला फार नाजूक. पंपात राहिलेला अंशही तिला बाधतो, शेजारच्या रानातून वाऱ्याने आलेला फवाराही बाधतो.

इंग्रजीत शेवटी ‘साइड’ आले की समजावे, मारणारे. कोणाला मारणारे, ते आधीच्या शब्दात असते. इन्सेक्ट म्हणजे कीटक, म्हणून इन्सेक्टिसाइड हे कीटकनाशक. फंगस म्हणजे बुरशी, म्हणून फंगिसाइड हे बुरशीनाशक, मॅन्कोझेब त्यातले. हर्बिसाइड किंवा वीडिसाइड म्हणजे तणनाशक. आणि पेस्टिसाइड हे या साऱ्यांचे मिळून घराण्याचे नाव. तेव्हा दुकानात जाऊन नुसते "पेस्टिसाइड द्या" म्हणणे म्हणजे किराणा दुकानात "डाळ द्या" म्हणण्यासारखे झाले. तूर की हरभरा, ते सांगायला नको का?

लाल कोळी हा तर आणखी निराळा. त्याला पाय आठ, कीटकाला सहा. म्हणून तो इन्सेक्ट नव्हे, माइट. पुष्कळशा कीटकनाशकांना तो दाद देत नाही. त्याच्यासाठी माइटिसाइड, म्हणजे कोळीनाशक मागावे. गंधक मात्र बुरशीवरही चालते आणि कोळ्यावरही.

आपणही मराठीत थोडा घोटाळा करतोच. माव्यालाही रोग म्हणतो नि तांबेऱ्यालाही. मावा ही कीड, तांबेरा ही बुरशी. तांबेऱ्यावर कीटकनाशक कितीही मारा, पैसे मातीत.

आता घरातल्या बायामाणसांनीही पाहून ठेवावे असे. डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचे एक चित्र असते. खालच्या अर्ध्या भागात रंग, वरच्या अर्ध्यात इंग्रजी शब्द. लाल रंगावर कवटी-हाडे आणि ‘पॉयझन’, म्हणजे विष. हे सर्वांत जहाल. पिवळ्यावरही ‘पॉयझन’च, पण कवटी नसते. निळ्यावर ‘डेंजर’, म्हणजे धोका. हिरव्यावर ‘कॉशन’, म्हणजे जपून. हिरवा रंग पाहून डबा धुऊन त्यात लोणचे भरणारी घरे मी पाहिली आहेत. हिरवे झाले तरी ते विषच. चढायला जास्त लागते इतकेच.

‘अँटिडोट’ हा शब्दही त्याच कागदावर सापडेल. अँटिडोट म्हणजे विषावरचा उतारा. तो घरी करायचा नसतो, डॉक्टरांसाठी लिहिलेला असतो. म्हणून फवारताना कोणाला भोवळ आली, ओकाऱ्या झाल्या, तर त्याला दवाखान्यात नेताना डबा किंवा त्यावरचा कागद बरोबर न्यावा. "कसलं तरी औषध होतं" एवढ्यावर डॉक्टर तरी काय करणार?

आप्पांनी आता तणनाशकाचा पंप वेगळा ठेवला आहे. नातीने त्यावर तांबड्या रंगाने ‘तण’ असे ठळक लिहून दिले आहे.