पाय बांधला, घड्याळाचं काय?

बर्मिंगहॅमजवळच्या आमच्या कंपनीने गेल्या वर्षी सगळ्या व्हॅनना स्पीड लिमिटर बसवले. आपल्याकडचा 'स्पीड गव्हर्नर', तोच हा. ब्रिटनमध्ये साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना तो सक्तीचा, छोट्या व्हॅनना नाही. त्यामुळे निर्णय कंपनीचाच. मर्यादा ठरली ताशी 62 मैल.

हल्ली ॲक्सिलरेटरचं पेडल इंजिनाच्या कॉम्प्युटरला फक्त सिग्नल पाठवतं. लिमिटर तो सिग्नल अडवतो, बस्स. ब्रेक लावत नाही, त्यामुळे उतारावर गाडी 62 च्या पुढेही जाते. आणि शाळेजवळच्या 20 च्या रस्त्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही!

पण हिशेब पटण्यासारखा आहे. मोटरवेवर 70 ऐवजी 62 ने गेलं, तर 100 मैलांमागे 11 मिनिटं जास्त लागतात. धडकेतली ऊर्जा मात्र पाचव्या हिश्शाहून जास्त घटते.

ड्रायव्हर वैतागले. साठीचे एक पंजाबी चाचाजी मला म्हणाले, "बेटा, पैर तो बांध दिया, तेरे ॲप की घडी कौन बांधेगा?"

डिलिव्हरीच्या वेळा काढणारं ॲप माझंच. कोड उघडला, तर मोटरवेसाठी अजूनही 70 चाच आकडा! म्हणजे ती 11 मिनिटं हे लोक गल्लीबोळांत भरून काढत होते, नाहीतर जेवणाच्या सुट्टीतून. लाजच वाटली. आकडा 58 केला. प्रत्येक व्हॅनची दिवसाला एक डिलिव्हरी कमी झाली, मॅनेजर अजून कुरकुरतात.

चाचाजी हल्ली डबा गाडी थांबवून खातात.