धातुशोधक यंत्राची निवड

इंग्लंडमध्ये नांगरलेल्या शेतांतून धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणारे हौशी शोधक आजही दिसतात. रोमन आणि सॅक्सन काळातील वस्तीचे अवशेष तेथे अनेक ठिकाणी जमिनीच्या वरच्या थरातच पडून असल्यामुळे एखादे जुने नाणे वा बक्कल हाती लागणे अशक्य नसते. या छंदाकडे वळणाऱ्याला प्रथम पडतो तो किमतीचा प्रश्न. महाग यंत्राखेरीज काही सापडायचे नाही, ही समजूत मात्र खरी नव्हे.

सामान्य यंत्राच्या चकतीत तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला की बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांचा परिणाम दुसऱ्या वेटोळ्यास जाणवतो. अंतर वाढताच हा प्रतिसाद फार झपाट्याने क्षीण होतो. म्हणूनच दुप्पट किंमत मोजली तरी दुप्पट खोलीवरचे नाणे सापडत नाही. नाण्याएवढी वस्तू साधारणपणे १५ ते २० सेंटीमीटरपर्यंत कळली, तर ते यंत्र पुरेसे मानावे.

तेव्हा स्वस्त यंत्र घेताना खोलीच्या जाहिरातीपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, धातूंमधील भेद ओळखण्याची सोय. तिच्यामुळे गंजलेल्या खिळ्यांमागे खड्डे खणण्याचे श्रम वाचतात. मात्र तिच्या फार आहारी जाऊ नये, कारण ॲल्युमिनियमचा कागद आणि सोन्याची पातळ अंगठी यांचे प्रतिसाद पुष्कळदा सारखेच असतात. दुसरी, मातीतील लोहयुक्त खनिजांशी यंत्र जुळवून घेण्याची सोय. समुद्रकाठच्या ओल्या, खारट वाळूत साधी यंत्रे उगाचच वाजत राहतात, हेही ध्यानात असू द्यावे. तिसरी, चकतीचा आकार. मोठी चकती अधिक खोल जाते. परंतु जवळजवळ पडलेल्या दोन वस्तू तिला वेगळ्या कळत नाहीत. याखेरीज तासन्‌तास हातात धरून चालता येईल इतके यंत्र हलके असावे. उरलेल्या पैशांतून एक मजबूत खुरपे आणि कानाला लावायचा श्रवणसंच घ्यावा. क्षीण आवाज त्यानेच नीट ऐकू येतात.

परंतु यंत्राहून अधिक मोलाचा असतो तो शोधकाचा संयम. १९९२ च्या नोव्हेंबरात सफोक परगण्यातील हॉक्स्नी गावी एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना सुमारे १५,००० रोमन नाणी आणि सोन्यारुप्याच्या वस्तू सापडल्या. शोधकाने खणणे मध्येच थांबवून कळविल्यामुळे पुरातत्त्वज्ञांना उरलेला ठेवा जागच्या जागी पाहता आला. तो लाकडी पेटीत कसा रचून ठेवला होता, हेही त्यामुळे समजले. घाईघाईने सारे उपसले असते, तर सोने हाती आले असते, पण ही माहिती कायमची नष्ट झाली असती.

कायद्याचा रोखही हाच आहे. ब्रिटनमध्ये जमीनमालकाची अनुमती घ्यावीच लागते, आणि १९७९ च्या कायद्यान्वये संरक्षित स्मारकस्थळी विनापरवाना यंत्र चालविणे गुन्हा ठरतो. १९९६ च्या निधिविषयक कायद्यानुसार इंग्लंड व वेल्समध्ये सापडलेला ठेवा १४ दिवसांच्या आत कॉरोनरला कळवावा लागतो. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक मूल्याचे धन सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यास देणे त्यान्वये बंधनकारक आहे. तेव्हा आपल्याकडे हा छंद आरंभणाऱ्याने यंत्राच्या आधी या कायद्याची माहिती करून घ्यावी.