खोक्याची विद्या

अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत भारतीय पॅकेजिंग संस्थेचे मुख्यालय आहे. १९६६ साली केंद्र सरकारच्या वाणिज्य खात्याच्या आश्रयाने स्थापन झालेली ही संस्था खुद्द मुंबईकरांनाही फारशी परिचित नाही, याचा मला खेद वाटतो. कारण नवा फ्रिज घरात आला की ज्या खोक्याकडे आपण तासाभरात पाठ फिरवतो, त्या खोक्यामागे केवढे पदार्थविज्ञान आणि केवढी दूरदृष्टी उभी असते याचे शिक्षण जेथे मिळते, आणि भरलेली खोकी मुद्दाम आपटून, दाबून, थरथरवून त्यांची परीक्षा जेथे घेतली जाते, असे हे स्थान आहे.

या विद्येचा उगमही गृहोपयोगी यंत्रांतच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत फ्रिज, शेगड्या आणि धुलाईयंत्रे घरोघरी जाऊ लागली, तेव्हा त्यांच्यावरील एनॅमलच्या मुलाम्याचे टवके वाटेतच उडू लागले. म्हणून तो मुलामा देणाऱ्या कारखानदारांनीच १९४८ साली समिती नेमून, माल रवाना करण्यापूर्वी कारखान्यातच त्याच्या प्रवासाची रंगीत तालीम घेण्याचे नियम ठरविले. आज जगभर प्रमाण मानली जाणारी ‘इस्टा’ ही संस्था त्याच समितीतून वाढली. त्याच्या तीन वर्षे आधी, १९४५ साली, रेमंड मिंडलिन यांनी वेष्टनातील गादीचे गतिशास्त्र मांडणारा प्रदीर्घ निबंध लिहून या विषयाला गणिताचे अधिष्ठान दिले होते. आपल्याकडे, घाटकोपर आणि मुलुंड यांच्या दरम्यानच्या विक्रोळीच्या गोदरेज कंपनीने १९५८ साली देशी फ्रिज तयार केला, आणि तेव्हापासून हा प्रश्न आपल्याही दारात आला.

पडणाऱ्या वस्तूला इजा होते ती तिचे पडणे एकाएकी थांबते म्हणून. तीस सेंटिमीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीला टेकताना सेकंदाला सुमारे अडीच मीटर वेगाने येते. हा सगळा वेग एका मिलिमीटरात जिरला, तर वस्तूवर तिच्या वजनाच्या तीनशेपट जोर येतो, आणि तोच तीन सेंटिमीटरांत जिरविता आला, तर आदर्श परिस्थितीत तो दहापटींवर उतरतो. प्रत्यक्षातली कोणतीही गादी इतकी समंजसपणे दबत नाही, म्हणून खरा आकडा याच्या दुपटीहून अधिक धरावा लागतो. तरीही तीनशे आणि वीस-पंचवीस यांतले अंतर म्हणजे तुटलेला काँप्रेसरचा आधार आणि शाबूत काँप्रेसर यांतले अंतर होय. कोकणातला बागाईतदार हापूसच्या पेटीत पेंढा घालतो तो याच न्यायाने. मात्र गादी अति मऊ असली, तर ती पूर्ण चेपून दगडासारखी होते, आणि अति कठीण असली, तर मुळात दबतच नाही. वजन आणि टेकणारे क्षेत्रफळ यांचे प्रमाण नेमके साधावे लागते. फ्रिजच्या तळाशी येणारा थर्मोकोलचा ठोकळा उलटा करून पाहावा: तो सपाट नसून त्याला फासळ्या आणि खाचा असतात, आणि टेकण्याची जागा हिशेबाने कमी करून तो योग्य तितकाच दबावा, यासाठी त्या ठेवलेल्या असतात.

आपटण्याहून अधिक कावेबाज शत्रू म्हणजे कंप. मालमोटारीचा सांगाडा आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण दोन ते पाच हेलकावे खात धावत असतो, आणि धुलाईयंत्राची जड टाकीही आत स्प्रिंगांवरच टांगलेली असते. दोघांच्या हेलकाव्यांचा मेळ बसला, की प्रत्येक खड्ड्यागणिक टाकीचे आंदोलन वाढत जाऊन ती पत्र्याला धडका देऊ लागते, आणि बाहेरचे खोके कितीही भक्कम असले तरी या आतल्या अनर्थापुढे ते हतबल असते. यावर अभियंत्यांनी योजलेला उपाय अत्यंत साधा आहे. पुढून उघडणाऱ्या यंत्राच्या पाठीमागच्या पत्र्यावर जे तीन-चार लांब बोल्ट असतात, ते प्रवासापुरते टाकीला सांगाड्याशी जखडून ठेवतात. वेष्टनाचा काही भाग यंत्राच्या पोटातच बसविण्याची ही तजवीज मला या विद्येतील सर्वांत सुंदर कल्पना वाटते.

आता पुठ्ठ्याकडे वळू. नालीदार कागदाचे पेटंट अमेरिकेत १८७१ साली अल्बर्ट जोन्स यांनी बाटल्या आणि दिव्याच्या चिमण्या गुंडाळण्यासाठी घेतले, आणि १९६३ साली मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुठ्ठ्याच्या कडेची ताकद, त्याची जाडी आणि खोक्याचा घेर एवढ्यावरून खोके किती भार पेलील हे सांगणारे सूत्र दिले. परंतु हे सूत्र कोरड्या हवेतले आहे, आणि आपली हवा कोरडी नाही. प्रमाणित हवेत शंभर भार पेलणारे खोके नव्वद टक्के आर्द्रतेत अठ्ठेचाळीसच्या आसपास येते, कारण कागदाचे तंतू ओल शोषून ढिले पडतात. शिवाय तेच खोके महिनाभर ओझ्याखाली उभे राहिले, तर उरलेल्यातील साठ टक्केच ताकद शिल्लक धरावी लागते. भिवंडीच्या एखाद्या वखारीत जुलै महिन्यात पन्नास-पन्नास किलोंचे तीन फ्रिज एकावर एक रचले आहेत असे समजा. सर्वांत खालच्या खोक्यावर शंभर किलोंचा भार येतो. परंतु तो महिनाभर पेलायचा असेल, तर त्या खोक्याची कोऱ्या अवस्थेतील ताकद साडेतीनशे किलोंच्या घरात असावी लागते. फ्रिजच्या खोक्यात चारी कोपऱ्यांना उभे खांब दिलेले असतात, त्यांचे प्रयोजन या बेरजेतून समजते.

याच ठिकाणी मला एक आग्रहाचे निवेदन करावयाचे आहे. ‘इस्टा’च्या पायाभूत परीक्षेत दहा किलोंच्या आतले खोके ७६ सेंटिमीटरवरून पाडतात, पंचेचाळीस ते अडुसष्ट किलोंचे मात्र अवघ्या वीस सेंटिमीटरवरून, कारण हलके खोके माणूस कमरेच्या उंचीवर धरतो, जड खोके दोघे मिळून जमिनीपासून वीतभरच उचलतात. म्हणजे या कोष्टकात मनुष्याचे शरीर आणि त्याची सवय नोंदलेली आहे. अडुसष्ट किलोंपुढे कोष्टकच बदलते, आणि एवढे वजन यंत्राने हलविले जाईल असे त्यामागचे गृहीत असते. घाटकोपरच्या किंवा बोरिवलीच्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत हे गृहीत पहिल्याच पायरीवर कोसळते. तेथे सत्तर किलोंचे धुलाईयंत्र दोन हमाल पट्टा लावून चढवितात, आणि खोके जिन्याच्या वळणावर मावत नाही म्हणून ते पुष्कळदा खाली फाटकापाशीच फाडले जाते. शेकडो मैल ज्या कवचाने रक्षण केले, ते सर्वांत बिकट वाटेवर उपयोगी पडत नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली एका पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा पंचावन्न किलो असावी अशी शिफारस केली, आणि महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा केला. परंतु जिना चढणाऱ्या त्या दोन माणसांचा विचार खोक्याच्या आराखड्यात अजून पुरेसा उतरलेला नाही. हाताला पकड देणारी भोके योग्य उंचीवर असणे, बाहेरचे खोके काढल्यानंतरही कडा आणि कोपरे झाकून ठेवणारे दुसरे आटोपशीर आवरण असणे, या गोष्टी खर्चिक नाहीत.

खोक्याचा प्रवास घरापाशी संपतो, थर्मोकोलचा संपत नाही. त्याच्या आकारमानात सुमारे अठ्ठ्याण्णव टक्के हवा असल्याने भंगारवाला पुठ्ठा वजनावर घेतो आणि थर्मोकोल टाकून जातो. मधमाशांच्या पोळ्यासारखी रचना असलेला कागद हा त्याला पर्याय आहे. मात्र तो पुन्हा ओल धरतो, तेव्हा येथेही आपल्या पावसाळ्याचा हिशेब आधी मांडावा लागेल.

म्हणून अंधेरीच्या संस्थेला आणि यंत्रांच्या उत्पादकांना माझी विनंती अशी, की धक्का मोजणारी उपकरणे खोक्यात ठेवून ती ऐन पावसाळ्यात मुलुंड, बोरिवली, घाटकोपरच्या जिन्यांवरून चढवावीत, आणि जी मापे मिळतील त्यांवरून आपले स्वतःचे कोष्टक तयार करावे. वाचकांना सांगणे एवढेच: यंत्र चढविणाऱ्यांना घाई करू नका, शक्य असेल तेथे खोके वर आणूनच उघडा, आणि धुलाईयंत्राचे ते बोल्ट वापरापूर्वी काढून घेतल्यावर पावतीबरोबर जपून ठेवा, कारण घर बदलताना ते पुन्हा लावावे लागतात.