बारीक माणसालाही मधुमेह का होतो?

भोर-वेल्ह्याकडे एक समज पक्का बसला आहे : साखरेचा आजार बसून खाणाऱ्या जाड माणसांचा, डोंगर चढणाऱ्या, भात लावणाऱ्या काटक माणसाला तो कशाला होईल? आम्हीही तसेच मानत होतो. पण आज आम्ही बँकेत दिवसभर खुर्चीवर असतो. चढण सुटली, भाताचे ताट तेवढेच राहिले. म्हणून हा विषय समजून घेणे अगत्याचे वाटले.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता-बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. २००४ साली डॉ. याज्ञिकांनी स्वतःचेच उदाहरण दिले. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के!

ही चरबी, विशेषतः पोटातली, स्वस्थ बसत नाही. तिच्यात पांढऱ्या पेशी शिरतात आणि टीएनएफ-अल्फासारखी रसायने सोडतात. ताप नसतो, सूज दिसत नाही. पण आत मंद दाह धुमसत राहतो. त्यामुळे 'साखर आत घ्या' हा इन्शुलिनचा निरोप पेशींना नीट पोचत नाही. स्वादुपिंड जादा इन्शुलिन तयार करते. ते थकले की रक्तात साखर साचते. हाच टाइप दोन मधुमेह.

दाह आवरण्याची सोय शरीरातच आहे. मेंदूतून पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या कामात ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारे रसायन असते. ते दाह शमवते, हे अमेरिकेतील डॉ. केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने २००० साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. २०१७ साली ब्राझीलमधील ६० रुग्णांच्या चाचणीत हे रसायन टिकवणाऱ्या औषधाने दाह व इन्शुलिनला होणारा विरोध कमी झाला. मात्र मधुमेहावरचा तो रूढ उपचार नव्हे.

आपल्या हाती काय आहे? शिंप्याची टेप! पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर, स्त्रियांची ८० च्या पुढे गेली तर सावध व्हावे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक आल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे. रोज चालावे, ताटात भात कमी करून डाळ-भाजी वाढवावी.

डॉ. बाबासाहेबांनाही उत्तरायुष्यात मधुमेहाने ग्रासले होते. विद्यार्थी मित्रहो, आजच घरी आई-वडिलांची कंबर मोजा. ते बारीक दिसत असले तरी मोजा.